तो खोकला केसांचा नव्हता

मांजर खोकलं की केस अडकले, असं आमच्या गावातल्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी ठरवूनच टाकलं होतं. माझा बोका काळू मान जमिनीलगत ताणून खोकायचा, पण केसांचा गोळा कधी पडला नाही. मी दर खेपेला हे सांगत होते. "ताई, तुम्ही फार काळजी करता," म्हणत ते इंजेक्शन टोचायचे. एक्स-रे नाही, शीची तपासणी नाही.

एका रात्री तो गाढ झोपेत असताना मी त्याचे श्वास मोजले. निरोगी मांजराचे झोपेत मिनिटाला ३० च्या आत असतात. याचे ५० च्या वर, आणि पोट भात्यासारखं हलत होतं. व्हिडिओ काढून सकाळी नेला. डॉक्टरांनी न बघताच फोन माझ्याकडे सरकवला. तो सरकवलेला फोन आजही माझ्या डोक्यातून जात नाही.

मग त्याला शहरात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं, "हा शिकार करतो का?" कोकणातला पाऊस, परसात गोगलगायी, पाली, उंदीर; करणारच! फुप्फुसातल्या जंताच्या अळ्या गोगलगायीत वाढतात. ती खाल्लेला उंदीर किंवा पाल मांजराने खाल्ली की अळ्या त्याच्या फुप्फुसात पोचतात. शीतून अंडी पडत नाहीत, अळ्याच पडतात, त्यामुळे नेहमीच्या तपासणीत त्या निसटू शकतात. म्हणून शीतल्या अळ्या शोधणारी बेअरमन तपासणी मागा. अळ्या रोज पडतीलच असं नाही, म्हणून सलग तीन दिवसांची ताजी शी द्या.

काळूला जंत होते आणि वर जिवाणूंचा न्यूमोनियाही. नुसत्या अँटिबायोटिकने जंत मरत नाहीत, म्हणून त्याला जंतांवर फेनबेंडाझोल आणि न्यूमोनियावर डॉक्सिसायक्लिन, दोन्ही दिलं. डॉक्सिसायक्लिनची गोळी कोरडी देऊ नका, मागोमाग सिरिंजने पाणी पाजा. ती अन्ननलिकेत अडकली तर आतून भाजते. पॅरासिटामॉल चुकूनही नको, मांजराला ते विष आहे. तोंड उघडं टाकून श्वास घेत असेल तर सकाळची वाट बघू नका.

आणि प्रत्येक औषधाचं नाव लिहून घ्या. आधी काय दिलंय, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं, म्हणून मी गावच्या दवाखान्यात फोन केला. "तशी नोंद आम्ही ठेवत नाही," असं सांगितलं गेलं. इतकी इंजेक्शनं कसली होती, हे मला अजून कळलेलं नाही.