शिशूंचे धावते खेळ

तीन ते सहा वर्षांच्या मुलास ‘स्वस्थ बैस’ असे आपण दिवसातून किती वेळा सांगतो, हे पालकांनी एकदा मोजून पाहावे. या वयात मूल तोल सावरणे, उडी घेणे, वळणे आणि वेळेवर थांबणे शिकत असते. आणि बसल्या जागी यांपैकी काहीच येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले की, तीन-चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात निदान १८० मिनिटे हालचाल व्हावी आणि त्यांपैकी ६० मिनिटे तरी दम लागेल अशी असावीत. पडद्यासमोरचे बसणे तासाहून अधिक नसावे. तीन तास ऐकून धसका घेण्याचे कारण नाही. ते सलग अपेक्षित नाहीत.

प्रश्न आहे तो खेळ निवडण्याचा. संगीतखुर्चीचेच पाहा. संमेलनांत ती हौसेने ठेवली जाते. परंतु पहिल्याच फेऱ्यांत बाद होते ते सर्वांत बुजरे, सर्वांत मंद मूल. ज्याला धावण्याची गरज अधिक, तेच भिंतीशी जाऊन बसते! त्यापेक्षा जमिनीवर खडूने मोठी वर्तुळे काढावीत, टाळ वाजवावे, टाळ थांबताच मुलांनी वर्तुळात शिरावे. दर फेरीस एक वर्तुळ पुसावे, मूल मात्र एकही काढू नये. अखेरीस सगळी एकाच वर्तुळात एकमेकांस धरून उभी राहतात, आणि त्यांचे हसणे काही केल्या आवरत नाही.

आपल्या विषामृतात ही सोय मुळातच आहे. ‘विष’ झालेला जागीच थिजतो, पण सोबत्याने ‘अमृत’ म्हणून स्पर्श करताच पुन्हा धावू लागतो. अगदी लहानांस हे उमगेपर्यंत पाठलागाचे काम एखाद्या आजोबांनी पत्करावे, मात्र सावकाश.

लंगडीची घाई करू नये. एका पायावर उड्या घेणे बहुधा चौथ्या वर्षाच्या सुमारास जमू लागते. तोवर बेडकाच्या, चिमणीच्या जोडपायी उड्या पुरेत. पुढे मोठ्यांचे बोट धरून तीन-चार लंगड्या उड्या घालाव्यात, आणि पाय बदलावा. ही दुसऱ्या पायाची पाळी आपण मोठेच विसरतो.

ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे काम आरंभिले, तेव्हा मुले शाळेत येत नाहीत असे पाहून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ या शब्दात ते अंगण अजून आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरांतून मात्र ते गेले. देवळाचे पटांगण तेवढे उरले आहे. आरतीपूर्वीचा अर्धा तास तेथे बालगोपाळांस द्यावा. पोरांचा गलबला होईल, तो ज्येष्ठांनी सोसावा. उन्हाळ्यात फरशी उतरत्या उन्हापर्यंत पाय पोळते, म्हणून आधी पाणी शिंपून ती निववावी. मात्र ओल पुरती सुकल्याखेरीज धावण्याचे खेळ मांडू नयेत, आणि मोजे घालून कोणासही धावू देऊ नये.