जुन्या गाडीला ‘कोल्ड एअर इनटेक’: खर्च किती, पिकअप किती?

बोरघाटाचा चढ, एसी चालू, गाडीत चौघं, आणि तिसऱ्या गिअरमध्ये गाडी ओढेना. असं दोनदा झालं की माणूस ॲक्सेसरीजच्या दुकानात जाऊन विचारतो. तिथे हमखास सल्ला मिळतो, “कोल्ड एअर इनटेक टाका, पिकअप वाढेल.” चकचकीत पाइप आणि टोकाला शंकूसारखा लाल फिल्टर. बारा-पंधरा वर्षांच्या गाडीवर पैसे घालायला जागा पुष्कळ असतात. त्यांत ही जवळजवळ शेवटची आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

यामागचं तत्त्व खरं आहे. थंड हवा दाट असते, तिच्यात प्राणवायू जास्त मावतो, आणि प्राणवायू जास्त असला की इंजिन जास्त पेट्रोल जाळू शकतं. पण किती? १.३ लिटरची, सुमारे ८७ अश्वशक्तीची पहिल्या पिढीतली पेट्रोल स्विफ्ट घ्या. आत जाणारी हवा ४५ अंशांवरून ३५ अंशांवर आणली तर तिची घनता सव्वातीन टक्क्यांनी वाढते. सगळं जुळून आलं तर हाती येणार तीनेक अश्वशक्ती, आणि तीही ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला असेल तेव्हाच. शहरात आपण पाव-अर्धा ॲक्सिलरेटर वापरतो. त्या वेळी हवेची वाट थ्रॉटलच्या झडपेनेच अडवलेली असते, त्यामुळे पुढचा पाइप मोठा झाला तरी इंजिनाला फरक पडत नाही. यातून ॲव्हरेज वाढेल ही आशा तर सोडूनच द्यावी.

शिवाय थंड हवेची सोय कंपनीने तुमच्या गाडीत बहुधा आधीच केलेली असते. बॉनेट उघडून पाहा. काळ्या प्लास्टिकच्या एअर बॉक्समधून एक नळी निघून ग्रिलच्या मागे किंवा फेंडरच्या पोकळीत जाते आणि बाहेरची हवा ओढते. जुन्या गाड्यांत नेमकी हीच नळी जागेवर नसते. बंपरचं काम करताना ती काढलेली असते, बॅटरी बदलताना क्लिप तुटलेली असते, किंवा ती मधेच चिरलेली असते. मग इंजिन रेडिएटरमागची तापलेली हवा ओढत राहतं आणि उन्हाळ्यात ट्रॅफिकमधून सुटताना गाडी मरगळते. ही नळी साधारण काहीशे रुपयांपासून दीड हजारापर्यंत मिळते. मॉडेल बंद झालं असेल तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारात जुनी शोधता येते.

आता स्वस्तातल्या लाल शंकूबद्दल. एअर बॉक्स काढून हजार ते तीन हजारांचा फिल्टर बॉनेटखाली उघडाच बसवतात. त्याला नाव कोल्ड एअरचं असलं तरी तो ओढतो इंजिनशेजारची गरम हवा. तो लावल्यावर गाडी पळते असं वाटतं, कारण हवा ओढल्याचा घरघराट पूर्वी डबा गिळत होता आणि आता तो थेट कानावर येतो. आवाज आवडत असेल तर त्यासाठी पैसे द्यायला हरकत नाही, पण तो आवाज म्हणजे पिकअप नव्हे.

खात्री करून घ्यायची असेल तर वायरवाला साधा डिजिटल थर्मामीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. त्याचं टोक मूळ नळीच्या तोंडाशी टेपने चिकटवा. टोक आत ओढलं जाणार नाही, एवढं मात्र पाहा. मग हायवेवर पंधरा मिनिटं गाडी चालवा आणि शेजारी बसलेल्याला आकडा वाचायला सांगा. बाहेर ३४ अंश आणि नळीपाशी ३७-३८ दिसले तर मूळ व्यवस्था ठणठणीत आहे, नवा इनटेक यापुढे काही देणार नाही. फरक पंधरा-वीस अंशांचा दिसला तर नळी तपासा.

घाटात गाडी ओढत नसेल तर मी खर्च करेन तो या क्रमाने. आधी कागदी एअर फिल्टर, दोन ते पाचशे रुपये. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये तपासलं तेव्हा, इंधन इंजेक्शनच्या गाड्यांत बुजलेला फिल्टर बदलल्याने ॲव्हरेजमध्ये लक्षणीय फरक दिसला नाही, पण गाडीला वेग घ्यायला लागणारा वेळ सुमारे ६ ते ११ टक्क्यांनी सुधारला. चारपाचशेच्या फिल्टरने एवढं होतं. मग साध्या स्पार्क प्लगचा संच पाचसहाशेला आणि थ्रॉटल बॉडीची सफाई हजाराच्या आसपास. ज्या इंजिनांत टॅपेट सेट करावे लागतात, तिथे त्याची मजुरी हजार-दीड हजार. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवून पाहायला पैसे पडत नाहीत, आणि अडकलेला ब्रेक तीन अश्वशक्ती सहज खातो. एवढं करूनही दम नसेल तर कॉम्प्रेशन तपासून घ्या, तीन ते पाचशे रुपये. रिंगा झिजल्या असतील तर कुठलाच इनटेक उपयोगाचा नाही. शहर आणि गॅरेजप्रमाणे हे आकडे मागेपुढे होतील, पण कॉम्प्रेशन धरूनही सगळं मिळून पाच हजारांच्या आत बसतं. हवा खरोखर बाहेरून आणणारा आयात केलेला किट मात्र वीस-तीस हजारांच्या घरात जातो.

त्या महागड्या किटचा खरा धोका पावसाळ्यात आहे. थंड हवेसाठी काही किटमध्ये फिल्टर बंपरमागे, जमिनीपासून वीतभर उंचीवर नेतात. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये ते शिरलं की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि खर्च पन्नास हजारांच्या पुढे सहज जातो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो दिवस मुंबईत कोणी विसरलेलं नाही, पण फिल्टर इतका खाली असेल तर एरवीचा एखादा तुंबलेला सबवेही पुरतो. विम्याच्या साध्या पॉलिसीत असं नुकसान बहुधा धरत नाहीत. त्यासाठी इंजिन-संरक्षणाचं वेगळं कवच लागतं आणि जुन्या गाडीला ते सहसा देत नाहीत. शिवाय गाडीत केलेला बदल विमा कंपनीला कळवावा लागतो, नाहीतर दावा अडकू शकतो.

तेल लावलेल्या सुती फिल्टरबद्दलही सांगतो. हवा मोकळी सोडताना तो बारीक धूळही जास्त सोडू शकतो, आणि आपल्या रस्त्यांवरची धूळ रिंगा झिजवते. धुऊन तेल जास्त लावलं तर हवा मोजणाऱ्या सेन्सरवर ते बसतं आणि गाडी आचके देऊ लागते.

इंजिनाला मोकळा एक्झॉस्ट आणि त्याला साजेसं ट्यूनिंग करून गाडी ट्रॅकवर नेणार असाल, तर तिथे इनटेकचा उपयोग होतो. तसा घेतलाच तर बंद डब्याचा घ्या, तोंड मूळ नळीच्या उंचीलाच ठेवून घ्या, आणि काढलेला मूळ एअर बॉक्स क्लिपांसकट घरी आणा. बंद मॉडेलचा तो डबा नंतर सहजी मिळत नाही.