काट्याची जबानी

बल्लारपूर,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

चि. बाळास,

तुझे पत्र पोहोचले. मूलच्या राईस मिलमध्ये वजनकाट्याचे काम तुझ्या हाती सोपविण्यात आले, आणि तेही धानाची आवक ऐन भरात असताना, हे वाचून तुझ्या मामीला व मला फार समाधान वाटले. परंतु जुना संगणक निकामी झाल्यावर मालकांनी जो नवा आणला त्याला नऊ पिनांचे ते परिचयाचे पोर्टच नाही, काट्याचा इंडिकेटर मात्र जुन्याच जमान्यातला आहे, आणि तूर्त मुनीमजी इंडिकेटरवरील आकडा डोळ्यांनी वाचून स्वहस्ते संगणकात भरीत आहेत, एवढा मजकूर वाचल्यावर मन अस्वस्थ झाले, म्हणून सविस्तर लिहितो.

मुनीमजींच्या सचोटीविषयी मला तिळमात्र शंका नाही. तथापि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत ट्रॅक्टर आणि ट्रक यांची रांग ज्याच्यापुढून सरकत असते, त्या मनुष्याच्या हातून केव्हातरी १८४६० च्या ठिकाणी १८६४० उमटणे स्वाभाविक आहे. तफावत १८० किलोंची. २०२४-२५ च्या हंगामात साधारण धानाचा आधारभूत दर क्विंटलमागे २३०० रुपये होता, त्या दराने हिशेब केलास तर एका पावतीत ४१४० रुपये इकडचे तिकडे झाले. ते मिलचे गेले तर वर्षअखेरीच्या हिशेबात कोठेतरी मिटतील, पण सिंदेवाहीकडच्या दोन-अडीच एकर बांधीच्या धन्याचे गेले तर त्याचा उन्हाळी खताचा पैसा गेला, आणि तो दाद मागणार कशाच्या आधारावर? त्याच्या हाती पुरावा म्हणून असते ती केवळ तुझी पावती. काट्याने जे सांगितले तेच पावतीवर उतरले, मध्ये कोणाचाही हात पडला नाही, एवढी खातरजमा त्याला देता यावी, हे काटा व संगणक यांना जोडणाऱ्या दोन हात लांबीच्या तारेचे खरे प्रयोजन आहे, आणि पुढे जे तांत्रिक लिहितो आहे ते सर्व याच एका दृष्टीने वाच.

नवा इंडिकेटरच बसवून टाका, असा सल्ला तुम्हांला मिळाल्याचे तू लिहितोस. तो घाईने मानू नये. काट्याच्या फलाटाखालील लोडसेल भाराच्या प्रमाणात जो अत्यल्प, मिलिव्होल्टमध्ये मोजावा लागणारा, विद्युद्दाब देतात, त्याचे किलोमध्ये रूपांतर करण्याचे काम इंडिकेटर करतो. ही जोडी एकत्र जुळवून, प्रमाणित वजने ठेवून तपासलेली आणि वैधमापनशास्त्र खात्याच्या शिक्क्याने मुद्रांकित झालेली असते. इंडिकेटर बदलला म्हणजे काटा पुन्हा जुळविणे आले, २००९ च्या वैधमापनशास्त्र अधिनियमाप्रमाणे फेरपडताळणी आली, आणि तोपर्यंत दारात उभ्या असलेल्या गाड्यांचे काय करावयाचे, हा प्रश्न आलाच. तुझ्या काट्याचे वजन बरोबर आहे, शिक्का मुदतीतला आहे. त्याची भाषा समजणारे पोर्ट नव्या संगणकाला नाही, एवढीच काय ती अडचण.

ती भाषा कशी आहे ते थोडक्यात समजून घे. आरएस-२३२ नावाचे हे मानक १९६० साली अमेरिकेत तयार झाले, तेव्हा प्रयोजन होते टेलिप्रिंटर व मोडेम यांना जोडण्याचे. एकाच तारेवरून एकामागून एक बिट जातो. उणे ३ ते उणे १५ व्होल्ट म्हणजे एक, अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट म्हणजे शून्य. पुढे १९८४ च्या आयबीएम संगणकाने नऊ पिनांचे पोर्ट रूढ केले आणि तराजू, वैद्यकीय यंत्रे, कारखान्यांतील नियंत्रक या सर्वांनी ते स्वीकारले. १९९६ मध्ये यूएसबी आले आणि पुढील दहा-बारा वर्षांत लॅपटॉपवरून नऊ पिना अस्तंगत झाल्या. या दोहोंमध्ये नुसती तार जोडून भागत नाही, कारण यूएसबीची भाषा सर्वस्वी निराळी आहे. म्हणून दोहोंना जोडणाऱ्या कन्व्हर्टरच्या पोटात एक चिप असावी लागते आणि त्या चिपला ओळखणारा ड्रायव्हर संगणकात असावा लागतो. कायमचा कन्व्हर्टर घेताना स्वस्ताईला भुलू नकोस. एफटीडीआय आणि प्रोलिफिक या चिपांच्या नकला बाजारात विपुल आहेत, आणि मूळ निर्मात्यांचे नवे ड्रायव्हर त्या नकलांना ओळखून काम नाकारतात. २०१४ साली तर एफटीडीआयच्या एका ड्रायव्हरने जगभरातील नकली चिपांचे अभिज्ञान पुसून त्या निरुपयोगी केल्या होत्या. एका रात्रीत संगणकाने स्वतःचे अद्ययावतीकरण करावे आणि सकाळी काटा मुका व्हावा, हे हंगामात परवडणारे नाही.

कन्व्हर्टर लावल्यावर प्रथम डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याला कोणता कॉम क्रमांक मिळाला ते पाहा. तुमचा वजनाचा प्रोग्राम जुना असल्याने तो कॉम १ ते कॉम ४ यांपलीकडे पाहतच नसावा, आणि नव्या संगणकाने दिला असेल सातवा किंवा नववा. पोर्टच्या प्रगत सेटिंगमध्ये तो बदलता येतो. कन्व्हर्टर दुसऱ्या खोबणीत लावल्यास क्रमांक पुन्हा बदलू शकतो, तेव्हा एकच खोबण मुक्रर कर, तिच्यावर रंगाचा ठिपका दे आणि रात्रपाळीच्या माणसालाही तसे बजावून ठेव.

यानंतर इंडिकेटरला हात लावण्यापूर्वी अर्धी वाट तपासून घ्यावी. कन्व्हर्टरच्या पिना २ आणि ३ एका लहानशा तारेने जोड, टर्मिनल प्रोग्राम उघड आणि काही अक्षरे टंकलिखित कर. तीच अक्षरे परत आली तर संगणक, ड्रायव्हर आणि कन्व्हर्टर निर्दोष आहेत. मग मल्टिमीटर घेऊन इंडिकेटरच्या पिना ५ आणि ३, तसेच ५ आणि २ यांमधील दाब मोज. पाठवणी थांबलेली असताना ज्या पिनेवर उणे पाच ते उणे बारा व्होल्टच्या आसपास आकडा दिसेल, ती इंडिकेटरची बोलण्याची तार समजावी. ती संगणकाच्या ऐकण्याच्या, म्हणजे दुसऱ्या, पिनेला जाऊन मिळते की नाही ते पाहिल्यावर सरळ केबल हवी की उलटी, याचा निकाल आपोआप लागतो.

आता तुझ्या पत्रातील ज्या वाक्याने मला विशेष आनंद झाला त्याकडे वळतो. तात्पुरता कन्व्हर्टर जोडला की पडद्यावर ०, ३, ५, ६ आणि ९ हे आकडे नीट उमटतात, परंतु १, २, ४, ७ आणि ८ यांच्या जागी चमत्कारिक चिन्हे येतात, असे तू बारकाईने पाहून लिहिले आहेस. दुसऱ्या कोणी नुसते ‘काहीतरी कचरा येतो’ असे लिहिले असते. बिट पाठविण्याच्या व वाचण्याच्या वेगात तफावत असती तर सगळेच आकडे बिघडले असते, तेव्हा तुझा वेग बरोबर आहे. आता हे आकडे द्विमान पद्धतीत मांडून पाहा. जे नीट येतात त्यांच्या सांकेतिक रूपात एकांची संख्या सम आहे, जे बिघडतात त्यांच्यात विषम. याचा अर्थ इंडिकेटर सात बिटांचे अक्षर पाठवून आठवा बिट सम पॅरिटीचा, म्हणजे एकांची बेरीज सम करून घेण्याचा, जोडीत आहे, आणि तुझा संगणक त्या आठव्या बिटाला अक्षराचाच भाग समजून वाचीत आहे. सेटिंगमध्ये आठ बिट व पॅरिटी नाही असे जे आहे, तेथे सात बिट व सम पॅरिटी असे कर. हे संगणकाकडून करावयाचे आहे. इंडिकेटरच्या सेटअपमध्ये शिरू नकोस, कारण त्याच यादीत काटा जुळविण्याचे आकडेही असतात, आणि त्यांना धक्का लागला तर शिक्क्याला अर्थ उरणार नाही.

आकडे शुद्ध दिसू लागले म्हणजे काम संपले, असे मात्र मानू नये. इंडिकेटर वजनाचा आकडा एका चौकटीत पाठवितो. आरंभाची खूण, चिन्ह, अंक, बहुधा वजन स्थिर आहे की हलते आहे याचे अक्षर, आणि अखेरची खूण, अशी ही चौकट असते. जुन्या पोर्टवर अक्षरे एकेक करून येत, यूएसबी कन्व्हर्टर ती लहानलहान गठ्ठ्यांनी देतो, आणि प्रोग्रामने मध्येच वाचले तर १८४६० मधील पहिला एक गळून ८४६० राहू शकतो. हा आकडा दिसावयास अगदी सभ्य असतो, आणि म्हणूनच घातक असतो. प्रोग्राम लिहिणाऱ्यास सांग की आरंभ व अखेर या दोन्ही खुणा सापडल्याखेरीज आणि स्थिरतेचे अक्षर आल्याखेरीज आकडा स्वीकारू नये. मग एक भरलेला ट्रक, एक रिकामा ट्रॅक्टर आणि एक नुसता हातगाडा असे भिन्न भिन्न भार काट्यावर घेऊन इंडिकेटर आणि पडदा यांची तुलना कर, आणि मुनीमजींना शेजारी बसवून कर, म्हणजे त्यांचाही विश्वास बसेल. दोन दिवस हाताची नोंद व तारेची नोंद दोन्ही ठेवा. तफावत नसली तरच वही बंद करा.

केबल १५ मीटरांपेक्षा लांब नेऊ नकोस. कार्यालय काट्यापासून दूर असेल तर आरएस-४८५ चे रूपांतरक लागतील, ते १२०० मीटरपर्यंत चालतात. मृगाच्या आधीच विद्युत्पृथक्करण करणारा कन्व्हर्टर बसवून घेण्याची तजवीज मालकांकडून करून घे. आपल्याकडच्या विजा उघड्यावरच्या लोखंडी काट्याचा मुलाहिजा ठेवीत नाहीत, आणि फलाट व कार्यालय यांची अर्थिंग निराळी असली की एका कडकडाटात संगणकाचे पोर्ट जाते.

धानोरा तालुक्यातील तुझ्या मित्राविषयी तू जे विचारलेस, त्याचे उत्तर मला काट्याइतकेच महत्त्वाचे वाटते. मेंढा-लेखा गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर वनावरील सामूहिक हक्काचा दस्तऐवज मिळाला, आणि त्यानंतर गडचिरोलीतील कित्येक ग्रामसभांनी आपापल्या जंगलाच्या सीमा हातातले जीपीएस घेऊन, नाले व पहाड तुडवीत, नोंदविल्या. तुझ्या मित्राकडे गोल चार पिनांच्या खोबणीचा जो जुना गार्मिन जीपीएस पडून आहे, त्याच्या स्मरणात त्या वेळचे बिंदू अजून असतील तर ती गावाची ठेव आहे. पडद्यावरचे अक्षांश-रेखांश वहीत उतरवून घेण्याचा खटाटोप त्याला करू देऊ नकोस, एका अंकाच्या चुकीने सीमेचा दगड ओढ्यापलीकडे जाईल. तुझा कन्व्हर्टर व त्या यंत्राची मूळ केबल घे, यंत्रातील इंटरफेस गार्मिन या पद्धतीवर ठेव, आणि जीपीएसबेबल हा मोफत प्रोग्राम वापरून सर्व बिंदू व मार्ग एकदम उतरवून घे. आधी नवी बॅटरी घाल. एक प्रत ग्रामसभेच्या दप्तरात आणि दुसरी अन्यत्र राहू दे.

शेवटचे एक काम. वेग, बिट, पॅरिटी, कोणती पिन कोठे जाते, कॉम क्रमांक, ड्रायव्हरची आवृत्ती हे सर्व एका कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून तो इंडिकेटरच्या पेटीच्या दारावर आतून चिकटव, आणि दुसरी प्रत मुनीमजींच्या दप्तरात ठेव. तुझी बदली झाली, तू नोकरी सोडलीस, तरी तुझ्या जागी येणाऱ्या मुलाला माझ्यासारखा मामा असेलच असे नाही.

सम पॅरिटी करून पाहिल्यावर जी चौकट दिसेल ती खुणांसकट जशीच्या तशी लिहून पाठव. काही इंडिकेटर अंक उलट्या क्रमाने पाठवितात, तुझा त्यांपैकी आहे काय ते मी पाहून कळवीन. पावतीच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचे पोर्ट निराळ्या जातीचे असते, त्याविषयी पुढील पत्री लिहीन. मुनीमजींना माझा नमस्कार सांग.

तुझा
मामा