थायरॉईडचा अल्पधोक्याचा कर्करोग : निर्णय रुग्णासह

कर्करोग हा शब्द कानी पडताच गाठ तत्काळ काढून टाकावी, असे रुग्णास व आप्तांस वाटणे स्वाभाविक आहे. तथापि थायरॉईड ग्रंथीतील, बाहेर न पसरलेली, एक सेंटीमीटरपर्यंतची पॅपिलरी गाठ बहुधा अत्यंत संथ वाढते. जपानमधील कोबे येथील कुमा रुग्णालयाने १९९३ पासून अशा रुग्णांना शस्त्रक्रियेऐवजी नियमित देखरेखीचाही पर्याय दिला. १,२३५ रुग्णांच्या २०१४ मधील अहवालानुसार दहा वर्षांत सुमारे ८ टक्क्यांचीच गाठ ३ मिलिमीटर वा अधिक वाढली. या रोगाने कोणीही दगावले नाही.

देखरेख स्वीकारल्यास ठरावीक काळाने सोनोग्राफी आवश्यक. अर्धी ग्रंथी काढल्यास अनेकांना औषध लागत नाही. संपूर्ण काढल्यास आयुष्यभर रोज गोळी घ्यावी लागते, आवाज बसण्याचा व कॅल्शियम घटण्याचा धोकाही अधिक.

गाठीचे स्वरूप डॉक्टर जाणतात. परंतु सिहोऱ्याहून तुमसरमार्गे नागपूरला वारंवार जाणे जमेल का, गाठ अंगी असता मन स्वस्थ राहील का, हे रुग्णच जाणतो. म्हणून आम्ही सांगतो : थांबल्यास काय होईल, हे निःसंकोच विचारावे, घरी विचारविनिमय करावा आणि मगच संमतीपत्रावर सही करावी.