धातुशोधक यंत्र पारखताना

भूमीतील गुप्तधन दाखविणारे यंत्र आपणांपाशी आहे, अशी बतावणी करीत एक इसम माझ्या एका शेतकरी स्नेह्यांच्या ओसरीवर येऊन बसला आणि पडक्या वाड्याच्या जोत्याखाली वीस हात खोल सोने असल्याची ग्वाही देऊन विसाराची रक्कम मागू लागला, तेव्हा मी तेथे हजर होतो. त्याचे यंत्र म्हणजे मुठीत आडवी बसविलेली, स्वैर फिरणारी पितळी कांडी. तो पाणी पिण्यास आत गेला असता आम्ही भुशाच्या तीन पोत्यांपैकी एकाखाली तांब्याचा गडू लपविला आणि मग त्यास शोध घेण्यास सांगितले. कांडी वळली ती भलत्याच पोत्याकडे. मनगट किंचित कलले की अशी कांडी आपसूक वळते. धातूशी तिचा काहीएक संबंध नसतो.

म्हणून खऱ्या यंत्राची अंगोपांगे प्रत्येकाने ओळखून ठेवावीत. दांड्याच्या तळाशी जी चपटी, वाटोळी थाळी असते, तीत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. त्यांना कॉइल म्हणतात. एका वेटोळ्यातून सतत पालटणारा विद्युत्प्रवाह खेळविला म्हणजे भोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, त्या क्षेत्रात आलेल्या धातूत भोवऱ्यासारखे सूक्ष्म प्रवाह उठतात आणि त्यांची चाहूल दुसरे वेटोळे टिपते. हा क्षीण संकेत वाढवून त्याचा ध्वनी करण्याचे काम मुठीजवळच्या नियंत्रणपेटीचे, आणि या साऱ्यास शक्ती पुरविणारी ती बॅटरी. दांड्याचा खालचा भाग बहुधा अधातूचा असतो, कारण थाळीलगतचा धातू तिलाच चकवील.

ज्यात कॉइल नाही, बॅटरी नाही, ते यंत्र कितीही भपकेबाज दिसले तरी धातुशोधक नव्हे. बॉम्ब हुडकणारे म्हणून इराकच्या तपासणी नाक्यांवर वापरली गेलेली ‘एडीई ६५१’ ही साधनेही अशीच पोकळ निघाली आणि ती विकणारा ब्रिटिश व्यापारी जेम्स मॅकॉर्मिक यास 2013 साली लंडनच्या न्यायालयाने दहा वर्षांची कैद फर्मावली.

खऱ्या यंत्राच्याही मर्यादा असतात. नाण्याएवढी वस्तू सामान्यतः वीत-दीड वीत खोलीपर्यंतच कळते. शिवाय आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात व कोकणच्या जांभ्यात लोहखनिजे असल्यामुळे जमिनीशी जुळवणी केल्यावाचून ते निष्कारण वाजत राहते.

आणखी एक गोष्ट. 1878 च्या भारतीय निखात निधी कायद्यान्वये भूमीत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस लेखी वर्दी देणे बंधनकारक आहे; तेव्हा ‘गुपचूप खणू’ म्हणणारा मनुष्य तुम्हांस गुन्ह्यातच ओढीत असतो.

सबब, माझे कळकळीचे सांगणे इतकेच, की विक्रेत्याच्या नकळत एखादे भांडे लपवून यंत्राची परीक्षा घ्यावी, आणि त्या परीक्षेस जो राजी होणार नाही, त्याच्या हाती विसाराचा एक रुपयाही ठेवू नये.