रक्तदाबाची दोन औषधे आणि आपले उपवास

डॉक्टरांनी एका गोळीच्या जागी दोन गोळ्या लिहून दिल्या, की दुखणे बळावले असाच अर्थ आपल्याकडील घरांत लावला जातो. मग पेढीवर बसणारा गृहस्थ दुसरी गोळी कधी घेतो, कधी गाळतो. हा समज बहुतांशी निराधार आहे, हे आम्हांस प्रथम सांगावयाचे आहे.

एकाच औषधाची मात्रा दुप्पट केली, तर रक्तदाब थोडाच अधिक उतरतो. त्या औषधाचे उपद्रव मात्र पुष्कळदा वाढतात. निराळ्या मार्गाने काम करणारे दुसरे औषध जोडल्यास लाभ कितीतरी मोठा होतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, ४२ चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात तो सुमारे पाचपट आढळला. पुढे २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने दोन औषधे एकत्र असलेल्या गोळ्या आवश्यक औषधांच्या यादीत घेतल्या.

परंतु जोडी कोणती, हा खरा प्रश्न होय. ॲम्लोडिपिन रक्तवाहिन्यांचे स्नायू सैल करते, तर टेल्मिसार्टन हे त्या आवळणाऱ्या अँजिओटेन्सिन या द्रव्याची क्रिया रोखते. ॲम्लोडिपिनने कित्येकांच्या घोट्यांवर सूज येते. टेल्मिसार्टन सोबत असता ती कमी होते. ही सूज औषधाची आहे हे ध्यानात न आल्यामुळे तिच्यासाठी लघवीची गोळी वाढविली जाते, असेही घडते. म्हणून सूज केव्हापासून आली, हे डॉक्टरांस अवश्य सांगावे.

याउलट रॅमिप्रिल व टेल्मिसार्टन ही एकाच साखळीवर घाव घालणारी औषधे आहेत. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, २५,००० हून अधिक रुग्णांच्या चाचणीत ही दोन्ही एकत्र देऊन अधिक लाभ झाला नाही. रक्तदाब फाजील उतरणे व मूत्रपिंडांस अपाय होणे मात्र वाढले. अटेनोलोल व व्हेरापामिल यांच्या जोडीने नाडी धोकादायक इतकी मंद होऊ शकते. अशा जोड्या बहुधा एका डॉक्टरच्या हातून होत नाहीत. गावातील एक आणि मुलाच्या शहरातील दुसरा, अशा दोन चिठ्ठ्यांतून त्या जमतात. एकच औषध दोन व्यापारी नावांनी घरात येते, तेव्हा तर एकच रक्कम दोनदा खतावल्यासारखे होते. वेष्टनावरील मूळ औषधाचे नाव वाचण्याची सवय आपणां व्यापाऱ्यांस जड जाऊ नये.

सर्पगंधेविषयीही येथेच लिहितो. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली या वनस्पतीच्या रक्तदाबावरील गुणाचा लेख ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष तिकडे वेधले. तिचा गुण खरा आहे. म्हणूनच ती मुळीच निरुपद्रवी नव्हे, आणि चालू औषधांवर आपल्या मनाने घेणे म्हणजे आणखी एक औषध जोडणेच होय.

आता आपल्या समाजाच्या विशेष अडचणीकडे वळू. चौविहार पाळणाऱ्यांस सूर्यास्तानंतर पाणीही वर्ज्य; तेव्हा रात्रीची गोळी चुकते, आणि ही गोष्ट डॉक्टरांपासून संकोचाने लपविली जाते. संकोचाचे कारण नाही. ब्रिटनमध्ये २१,००० हून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सकाळी व संध्याकाळी औषध घेणाऱ्यांत हृदयविकार व पक्षाघात यांच्या प्रमाणात फरक आढळला नाही. ॲम्लोडिपिन व टेल्मिसार्टन दोन्ही दिवसातून एकदा घेण्याची औषधे आहेत. नवकारशी पारल्यावर ती घेण्याची व्यवस्था डॉक्टरांकडून सहज करून घेता येते.

निर्जळ उपवासाची गोष्ट अधिक गंभीर आहे. शरीरात पाणी कमी असताना क्लोरथॅलिडोनसारखी लघवीची गोळी पाणी आणखी काढते, आणि सोबत टेल्मिसार्टन अथवा रॅमिप्रिल असेल तर मूत्रपिंडांवर ताण पडतो. उठताना घेरी येणे, लघवी फार कमी होणे ही लक्षणे दिसली तर पारण्याची वाट न पाहता डॉक्टरांस कळवावे. अठ्ठाईचा किंवा दशलक्षण पर्वातील उपवासांचा विचार असेल, तर काही आठवडे आधी विचारावे. कोणती गोळी त्या दिवसांत कमी करावयाची वा थांबवावयाची, हे तेच सांगतील. आपण होऊन सर्व गोळ्या बंद करणे हाही मार्ग नव्हे. अटेनोलोल किंवा क्लोनिडिन एकाएकी सोडल्यास रक्तदाब उसळतो. मूत्रपिंडांचा विकार असलेल्यांनी निर्जळ उपवासाऐवजी एकाशन करावे काय, हा विचार घरातील वडीलधाऱ्यांनी व महाराजांनीही करावा, असे आम्हांस वाटते.

गुडघेदुखीसाठी घेतल्या जाणाऱ्या आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकच्या गोळ्या या जोडीत तिसऱ्या म्हणून आल्या, तर मूत्रपिंडांचा धोका वाढतो आणि रक्तदाबही चढतो. बाजारात मिळणाऱ्या ‘कमी सोडियम’च्या बहुतेक मिठांत पोटॅशियम क्लोराइड असते, टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल वा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांनी ते विचारल्यावाचून वापरू नये. या औषधांनी रक्तातील पोटॅशियम वाढू शकते व हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून ती सुरू केल्यावर अथवा मात्रा बदलल्यावर साधारणतः १ ते ४ आठवड्यांत क्रिएटिनिन व पोटॅशियम यांची तपासणी करतात. तिचा कागद औषधांच्या चिठ्ठीसोबतच ठेवावा.