घरची शेती, घरची माणसे आणि जिवाची अमानत

मदीना येथील एका अन्सारी सहाबींच्या बागेत प्रेषित मुहम्मद (स.) गेले असता तेथील उंट त्यांना पाहून विव्हळू लागला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. प्रेषितांनी (स.) जवळ जाऊन त्याच्या कानामागून हात फिरवला, तेव्हा तो शांत झाला. हा उंट कोणाचा, असे विचारताच एक अन्सारी तरुण पुढे आला. ज्या मुक्या जनावराचे अल्लाहने तुला मालक केले त्याच्याविषयी तुला अल्लाहचे भय वाटत नाही काय, असा प्रश्न त्याला करण्यात आला. मालक आपल्याला उपाशी ठेवतो आणि राबवून थकवतो, ही त्या उंटाची तक्रार होती. ह. अब्दुल्लाह बिन जाफर (रजि.) यांच्याकडून ही घटना अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात आली आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, प्राणिमात्रांवरील दयेच्या संदर्भात ही घटना आपण अनेकदा ऐकतो. आज तिच्याकडे थोडे वेगळ्या बाजूने पाहू. बाग खाजगी होती आणि उंट मालकीचा होता. तरीही बाग माझी, उंट माझा, इतरांना काय त्याचे, असे उत्तर त्या तरुणाने दिल्याचे हदीसमध्ये नाही. मालकीचे कुंपण जाब विचारण्याच्या आड आले नाही. उंटाच्या बाबतीत हे खरे असेल, तर त्याच बागेत राबणारा मुलगा, सून, धाकटा भाऊ वा सालगडी यांच्या बाबतीत ते किती अधिक खरे ठरावे!

हा प्रश्न आपल्या घरचा आहे. कामाच्या ठिकाणची सुरक्षा आणि श्रमिकांचे हक्क यांविषयीचे कायदे कारखान्याला लागू होतात. ते घरच्या शेतीला लागू व्हावेत का? बहुतेक शेतकरी या प्रश्नावर हसतील. घरच्या माणसाला कसली हजेरी, बापाने लेकाला कामाला लावले तर तो काय मालक झाला, असे ते विचारतील. या हसण्यात तथ्य नाही असे नाही. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील शेतजमिनीचे सरासरी वहितीक्षेत्र १.३४ हेक्टर आहे. सव्वातीन एकरांच्या शेतकऱ्याने नोंदवह्या ठेवाव्यात, तपासनीसाची वाट पाहावी आणि त्याच्या हाती काहीतरी सरकवून त्याला वाटेला लावावे, असा कायदा शेतकऱ्यावर आणखी एक कर बसवण्यासारखा होईल. शिवाय आपल्या मुलाबाळांच्या जिवाची काळजी बापापेक्षा सरकारला अधिक आहे, असे कोण मानेल?

परंतु काळजी असणे आणि धोका ओळखणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. कडबाकुट्टी यंत्राचे पाते आत गेलेला हात मालकाच्या मुलाचा की मजुराचा, हे पाहत नाही. ट्रॅक्टरच्या फिरत्या शाफ्टमध्ये ओढणीचे टोक अडकले, तर ती कोणाची ओढणी याने काही फरक पडत नाही. रात्रीच्या पाळीला आलेली थ्री फेज वीज ओल्या हातांना सारखाच झटका देते. कारखान्यात याच यंत्राला जाळी बसवणे सक्तीचे असते, मग शेतात का नसावे?

आपल्या देशाच्या कायद्यांनी या बाबतीत आजवर काय केले, ते पाहण्यासारखे आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमात, कामगारांची संख्या कमी असली तरी एखाद्या ठिकाणी कायदा लागू करण्याचा अधिकार कलम ८५ ने राज्य शासनास दिला होता. मात्र मालक केवळ आपल्या कुटुंबीयांच्या साहाय्याने काम करीत असेल तर ते ठिकाण वगळले होते. तो कायदा कारखान्यांचा होता, शेतीचा नव्हे. पण त्यातून कायदेकर्त्यांचा विचार कळतो. १९६८ चा कीटकनाशके अधिनियम तर थेट आपल्या बांधापर्यंत येतो आणि तेथेच थांबतो. विषारी औषधे हाताळणाऱ्यांना संरक्षक कपडे मिळाले पाहिजेत, असे त्याखालील नियम सांगतात; परंतु स्वतः कसत असलेल्या जमिनीवर कोणी कीटकनाशक वापरले, तर त्या वापराला हा अधिनियम लागू नाही, असे कलम ३८ मध्ये नमूद आहे.

हा बांध ओलांडून विष किती सहज जाते, हे २०१७ साली यवतमाळ जिल्ह्याने पाहिले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. अळीच्या भीतीने दोन-तीन औषधे एकत्र करून फवारली जात होती, आणि बॅटरीवरच्या पंपातून निघणारे बारीक तुषार दमट हवेत तेथेच तरंगत राहत होते. फवारणी करणारा माणूस त्या धुक्यातून चालत होता. वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि शासनाला विशेष चौकशी पथक नेमावे लागले. मेलेल्यांमध्ये स्वतःच्या शेतात फवारणारेही होते आणि दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणारेही होते. त्यांनी हातमोजे, चष्मे का वापरले नाहीत, असे नंतर अनेकांनी विचारले. विदर्भातील ऑक्टोबरच्या उकाड्यात रबरी हातमोजे आणि तोंडाला मास्क लावून पाठीवर पंप वाहण्याचा अनुभव असा प्रश्न करणाऱ्यांनी एकदा घ्यावा. म्हणूनच जबाबदारी केवळ फवारणाऱ्यावर टाकून भागत नाही. विष कोणते विकले गेले, कशात मिसळायला सांगितले गेले, पंप कसा होता, हे प्रश्न बांधाच्या अलीकडचे, दुकानातले आणि कारखान्यातले आहेत.

मुलांविषयीच्या कायद्याचा प्रवास अधिक बोलका आहे. १९८६ च्या बालकामगार कायद्यातील धोकादायक कामांच्या यादीत ट्रॅक्टर, मळणी व कापणी यंत्रे आणि कडबाकुट्टी असलेली शेतीकामे पुढे समाविष्ट झाली. पण मालक आपल्या कुटुंबाच्या मदतीने काम करीत असेल तर त्याला ती बंदी लागू नव्हती. म्हणजे तेच यंत्र शेजाऱ्याच्या मुलासाठी धोकादायक आणि स्वतःच्या मुलासाठी मात्र सुरक्षित! २०१६ च्या दुरुस्तीने हे बदलले. चौदा वर्षांखालील मूल आई-वडील, भावंडे, काका, आत्या, मामा, मावशी यांच्या कामात शाळा सुटल्यावर वा सुटीत मदत करू शकते, मात्र धोक्याच्या कामात नाही. घरच्या शेतीला कायदा लागू व्हावा का, या प्रश्नाचे एक उत्तर अशा प्रकारे संसदेने दिलेलेच आहे: शेंगा तोडायला, गुरांना पाणी दाखवायला कायदा आड येत नाही, जेथे जीव वा अवयव जाऊ शकतो, तेथे नात्याची सवलत नाही. माझ्या मते हीच रेषा योग्य आहे, आणि ती मुलांपुरती न ठेवता शेतातील प्रत्येक माणसापर्यंत न्यावी.

आता इस्लामच्या शिकवणीकडे वळू. येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे मांडला पाहिजे, कारण जाणकार वाचकाला तो सुचेलच. विहिरीत पडून वा खाणीत दबून मरणाऱ्याबद्दल भरपाई नाही, अशी हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. मग आपल्या जमिनीत, आपल्या विहिरीवर काम करताना कोणी दगावला तर मालकाला कशाच्या आधारे जबाबदार धरायचे? विद्वानांनी या हदीसचा अर्थ असा सांगितला आहे की, माणसाने आपल्या हद्दीत रीतसर विहीर खणली आणि त्याचा काही दोष नसताना कोणी तीत पडला, तर त्याच्यावर भरपाईचा बोजा नाही. लोकांच्या वाटेवर विहीर खणणारा मात्र जबाबदार ठरतो. म्हणजे सूट निर्दोष माणसाला आहे, निष्काळजी माणसाला नव्हे. स्वतः हानी सोसू नये आणि दुसऱ्याला हानी पोहोचवू नये, हे प्रेषितांचे (स.) वचन फिकहच्या मूलभूत नियमांपैकी एक मानले गेले आहे.

शिवाय लोकांचे वर्तन बदलले की कायदा कठोर करण्याचा दाखला आपल्या इतिहासात आहे. कारागिराकडे दिलेली वस्तू ही अमानत. ती त्याच्या दोषाविना नष्ट झाली तर त्याच्याकडून भरपाई घेऊ नये, असा सर्वसाधारण नियम. परंतु ह. अली (रजि.) कारागिरांना भरपाईस जबाबदार धरत आणि याखेरीज लोक सुधारणार नाहीत असे म्हणत, अशी नोंद आढळते. अकराव्या शतकातील बगदादचे न्यायविद अल-मावर्दी यांनी मुहतसिबच्या, म्हणजे बाजार व सार्वजनिक व्यवहारांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कर्तव्यांमध्ये होडीत जादा भार भरू न देणे आणि जनावरांना ताकदीपलीकडे राबवू न देणे यांचाही समावेश केला आहे. होडी आणि जनावर दोन्ही खाजगी मालकीचीच होती.

आणि घराच्या आत? ज्या छताला कठडा नाही त्यावर झोपणाऱ्याची जबाबदारी उरत नाही, असे अबू दाऊद यांच्या संग्रहातील एका हदीसमध्ये आहे. रात्री झोपण्यापूर्वी दिवे विझवावेत, कारण उंदीर वात ओढून घर पेटवू शकतो, असेही प्रेषितांनी (स.) सांगितले. छत, दिवा, वात, उंदीर, इतक्या बारीक गोष्टींपर्यंत! तरीही आपल्यातील कित्येकजण विहिरीला कठडा नसताना, स्टार्टरची पेटी उघडी असताना, तवक्कुलचे नाव घेतात. आणि अपघात झाल्यावर नशिबात होते ते टळत नाही म्हणतात. उंट बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, हे ज्यांना पाठ आहे तेच हे बोलतात, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

घरच्या माणसाशी कामाच्या अटी ठरवणे परकेपणाचे वाटते, हा आणखी एक आक्षेप. येथे सूरह अल-कसस (२८:२३-२८) पुन्हा वाचावी. मदयनच्या पाणवठ्यावर दोन मुली आपली गुरे मागे रोखून उभ्या होत्या, कारण वडील वृद्ध होते आणि घरचे काम त्यांच्यावर पडले होते. ह. मूसा (अ.) यांनी त्यांच्या गुरांना पाणी पाजले. पुढे त्या वृद्ध पित्याने त्यांना जावई करून घेण्याचा प्रस्ताव मांडला, तो अटींसह: आठ वर्षे काम, दहा पूर्ण केलीत तर ती तुमची मर्जी, आणि तुमच्यावर कष्टाचा भार टाकण्याची माझी इच्छा नाही. ह. मूसा (अ.) यांनीही दोन्हीपैकी कोणतीही मुदत पुरी केली तरी माझ्यावर जबरदस्ती होऊ नये, असे स्पष्ट करून अल्लाहला साक्षी ठेवले. होणारा जावई म्हणजे घरचाच माणूस. तरी मुदत, मर्जी आणि भाराची मर्यादा या तीनही गोष्टी आधी बोलल्या गेल्या, आणि त्याने नात्यात अंतर पडले नाही.

आपल्याकडे पाडव्याला सालगडी ठेवताना वर्षाची रक्कम, धान्य, कपडे यांचे बोलणे होते. फवारणी त्याने करायची का, त्याला काही झाले तर दवाखान्याचा खर्च कोणाचा, यावर मात्र कोणी बोलत नाही. आणि खरे सांगायचे तर ज्याला आपण घरची शेती म्हणतो तीत हंगामात घराबाहेरचे हात अधिक असतात. शेतमजुरासाठी किमान वेतन ठरवण्याची तरतूद १९४८ पासून आहे, ट्रॅक्टर वा विजेच्या यंत्राने होणाऱ्या शेतीतील मजूर १९२३ च्या भरपाई कायद्याच्या कक्षेत होता. पण हे किती शेतकऱ्यांना आणि किती मजुरांना ठाऊक असते? शासनाची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात योजना अपघाती मृत्यूस दोन लाख रुपये देते, परंतु ती सातबारा असलेला शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एक सदस्य यांच्यासाठी आहे. भूमिहीन मजुराची विधवा त्या खिडकीपाशी जाऊन परत येते. अशा वेळी तिच्याकडे कोणी पाहावे? ज्याच्या शेतात तो मेला त्याने. मजुराकडून पूर्ण काम घेऊन मजुरी न देणाऱ्याविरुद्ध कयामतच्या दिवशी अल्लाह स्वतः वादी असेल, असे हदीसे कुदसीत आले आहे. ज्याने मजुरी तर दिली, पण जीव घेतला, त्याचा हिशेब याहून सोपा असेल काय?

म्हणून कायद्याने बापाला नोंदवह्या लिहायला लावू नये. त्याने जाळीशिवाय मळणी यंत्र वा कडबाकुट्टी विकू देऊ नये, विषाबरोबर हातमोजे आणि मराठीत वाचता येईल अशा अक्षरांतील सूचना दिल्याशिवाय बाटली दुकानाबाहेर जाऊ देऊ नये, आणि कलम ३८ ची सवलत निदान मजूर लावणाऱ्या शेतासाठी तरी काढून टाकावी. कायद्याचे हे काम होईपर्यंत थांबण्याचे कारण आपल्याला नाही. जी सून घरात विष कालवते तिच्यासाठी वेगळी बादली असणे आणि फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत न धुणे, याला कोणता शासननिर्णय लागतो?

मुलांचा प्रश्न राहतो. पेरणीच्या घाईत माणूस मिळत नाही, आणि तेरा-चौदा वर्षांचा मुलगा स्वतःहून ट्रॅक्टरची किल्ली मागतो. त्याला हौस असते, आपल्याला गरज असते. उहुदच्या मैदानात जेमतेम सातशे मुसलमान तीन हजारांसमोर उभे होते. चौदा वर्षांचे अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) त्या सैन्यात येण्यासाठी प्रेषितांसमोर (स.) हजर झाले होते. त्यांना परवानगी मिळाली नाही. खंदकच्या वेळी ते पंधरा वर्षांचे झाले होते, तेव्हा ती मिळाली.